मऊ केलेली गाडी

बाबा,

गेल्या आठवड्यात मी तुमची रिमोटची गाडी उघडली. चाकं काढली, चारही शॉकअप काढले, पुढची चाकं वळवणारी ती छोटी मोटर काढून बाजूला ठेवली आणि मग पाना हातात धरून नुसतीच बसून राहिले. इतकी वर्षं मी तिला पुसत आले, टायर झिजले की बदलत आले, बेल्टमध्ये अडकलेली रुई सुईने काढत आले, पण तुमच्या हाताने घट्ट केलेला एकही स्क्रू मी सैल केला नव्हता. बाहेर उडदाचा ट्रॅक्टर काट्यावर येऊन उभा होता, तो हॉर्न वाजवत राहिला आणि मला उठवेना. आई म्हणते पित्तरांचे दिवस आहेत, या दिवसांत गेलेल्या माणसाला जे सांगायचं ते सांगून टाकावं, ऐकतात ते. मी आजवर तुम्हाला काही सांगितलं नाही, कारण तुम्ही गेलात असं मला खऱ्या अर्थाने वाटलंच नव्हतं. का वाटलं नव्हतं ते नीट लिहायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी येडी झाली.

तुम्ही सोडून गेलात तशीच आपली कॅबिन आहे. दुसरबीडच्या रस्त्यावर तोच धर्मकाटा, तीच काचेची खिडकी, आणि खिडकीशी टेबलावर ती जाड काच, जी तुम्ही कुठल्याशा मोडलेल्या शोकेसमधून आणली होती. गाडी सेट करायची तर तिच्याखालची जागा आधी सपाट पाहिजे, आणि आपल्या घरात सपाट असं काहीच नाही, असं तुम्ही आईसमोर म्हणाला होतात. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. त्या काचेवर तुम्ही किराणा दुकानातले चार छोटे काटे ठेवायचात, एकेका चाकाखाली एकेक, आणि डाव्या चाकावर किती, उजव्यावर किती ते बघत बसायचात. दिवसभर सोयाबीन, हरभरा, कापूस, गिट्टी असे ट्रकच्या ट्रक तोलणारा माणूस संध्याकाळी बॅटरी अर्धा बोट इकडे, अर्धा बोट तिकडे सरकवतोय, हे बघायला गावातली माणसं खिडकीशी उभी राहायची. तुम्ही त्यांना आत बोलवायचात, चहा पाजायचात आणि समजावून सांगायचात की ही खेळण्यातली गाडी नाही, खऱ्या शर्यतीच्या गाडीचा दहावा हिस्सा आहे, हिला स्प्रिंग आहे, शॉकअप आहे, चाकाला तिरप आहे, आणि एका बाजूला वजन जास्त झालं तर ब्रेक लागताना ही तिरकी होते. माणसं मान हलवायची आणि बाहेर गेली की हसायची. काटेवाल्याचं डोकं फिरलं, असं म्हणायची. तुम्हाला ते ऐकू जायचं. तुम्ही काटे पुसून डब्यात ठेवायचात.

गाडी निवडतानाची तुमची आणि चाचांची बाचाबाची मला अजून शब्दन् शब्द आठवते. उंद्रीचे ते बॅटरीवाले चाचा, तुमचे एकुलते एक दोस्त म्हणावेत असे, ज्यांनी तुम्हाला या नादाला लावलं. ते मोटारसायकलवर एवढ्या लांबून येतात, कॅबिनमध्ये बसतात, आणि मोबाइलवर नाही, तेव्हा कुठला तसला मोबाइल, कागदावर पेनाने दोन गाड्या काढून दाखवतात. एकीत मोटरपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा, दुसरीत रबराचे पट्टे. चाचा म्हणतात, "शेठ, दांड्यावाली घ्या. आपल्या इथं जिनिंगच्या ओट्यावर पळवा लागते. बेल्टमंधी रुई गेली का गाडी बसली." तुम्ही म्हणता, "दांड्यावाली वळताना झटका देते. मले झटका नाही पायजे." चाचा विचारतात, "मग रुई कोन काढन?" तुम्ही म्हणता, "मी काढीन." एवढ्यावर निकाल लागला. गाडी पुण्याहून कुरिअरने आली, आणि पुढे दर रविवारी जिनिंगवरून परत आलात की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उजेडाला बसून सुईने रुई काढत बसायचात. असली चूक शर्यतीतल्या माणसाने दुसरीकडे कुठे केली नसेल. दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर उन्हाळाभर कापसाचे पुंजके उडत नसतील.

तो ओटा तुम्हाला आठवतोय ना. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग कारखान्याचा मालक पूर्ण सिमेंटचं आवार रिकामं सोडायचा, आणि रविवारी तिथे चिखली, मेहकर, खामगाव, कुठून कुठून दहा-बारा माणसं गोळा व्हायची. रस्ता आखायला लग्नमंडपासारखी तयारी. कुणाच्या तरी शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या वाळू भरून वळणावळणाने अंथरायच्या, मध्ये फक्कीने रेघ मारायची, आणि ट्रॉलीवर फळ्या टाकून उंच उभं राहायचं, म्हणजे सगळा रस्ता दिसतो. तुम्ही आदल्या दिवशी टायरला ते द्रव लावून ठेवायचात, ज्याने रबर नरम होऊन जमिनीला धरतं. त्याला अगदी गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास. तुमच्या बोटांना तो वास कायमचा बसला होता. आजही ती बाटली उघडली की मी आधी मागे वळून बघते आणि मग टायर हातात घेते. आईला मात्र शॉकअपचा राग. त्यांच्यात तेल भरलं की ते उभे ठेवावे लागतात, आतली हवा वर यायला, आणि तुम्ही ते तिच्या चमच्यांच्या भांड्यात उभे केले होते. "माह्या चमच्यांत हे काय टोचून ठेवलं तुमी? घरात तेलाचा वास कमी होता का?" असं ती म्हणाली, आणि तुम्ही अगदी गरीब चेहऱ्याने म्हणालात, "दोन घंटे राहू दे. बुडबुडे वर आले का नेतो." दोन तासांनी तुम्ही आलात तेव्हा आईने चमचे दुसऱ्या भांड्यात काढले होते आणि ते भांडं तुम्हाला देऊन टाकलं होतं. अजून तेच आहे.

मग तुमचा हात हलायला लागला. उजवा. आधी अंगठा, मग पूर्ण पंजा. चहाचा कप धरला की बशी वाजायची. तुम्ही कप दोन्ही हातांनी धरायला लागलात, मग बशी घेणंच सोडलं. पावतीवर सही करताना माणसं मुद्दाम बाहेर बघायची. त्याच सुमारास मी सासरहून परत आले. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही आणि आता या पत्रातही मी बोलणार नाही, पण तेव्हा घरात सगळे हळू आवाजात बोलायचे हे मला आठवतं. आई भांडी वाजू देत नव्हती. शेजारच्या बायका यायच्या आणि माझ्याकडे न बघता वाळवणाकडे बघून बोलायच्या. मी दिवसभर कॅबिनच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून असायचे. एक दिवस तुम्ही आलात, गाडी आणि रिमोट माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "आता तू चालव. माह्या हातात आता राह्यलं नाही." मी तुमच्या हाताकडे पाहिलं. तो हलत होता. मी गाडी घेतली, कारण नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं.

पहिल्या रविवारी आपण मेहकरवरून गेलो, हिवरा आश्रमला चहा घेतला, आणि मी पूर्ण रस्ता एक शब्द बोलले नाही. ट्रॉलीवर चढले. सगळे पुरुष. डाव्या बोटाखाली रेस, उजव्या हातात रिमोटचं ते छोटं चाक, आणि गाडी निघाली. मी दर वळणाला मान वळवून तुमच्याकडे बघत होते, बरोबर चाललंय का म्हणून. तिसऱ्या-चौथ्या वळणाला तुम्ही सगळ्यांसमोर कडाडलात, "माह्या तोंडाकडं काऊन पाहून राह्यली? मी पळून राह्यलो का? गाडी पळून राह्यली. तिच्याकडं पाय." त्या घरात महिन्याभरात माझ्याशी कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मला इतका राग आला की मी पुन्हा तुमच्याकडे पाहिलंच नाही, आणि पूर्ण शर्यत गाडीकडे बघत चालवली. परत येताना चिखलीला मी म्हणाले की भजी खाऊ. तुम्ही लगेच रस्त्याच्या कडेला थांबलात.

त्यानंतर थोडेच महिने गेले. सोयाबीनच्या गर्दीत, रांगेत ट्रक उभे असताना, तुम्ही खुर्चीतच गेलात. बाहेरचा ड्रायव्हर वजनाच्या आकड्यासाठी हॉर्न वाजवत होता, आणि मी मागच्या खोलीतून ओरडले की बाबा, त्याला जाऊ द्या. काटा मी चालवायला घेतला, कारण दुसऱ्या दिवशीही ट्रक आले. गाडीही मी चालवत राहिले, कारण दुसरा रविवारही आला.

आता ती गोष्ट सांगते. ती गाडी कधीच पटकन वळायची नाही. रिमोटचं चाक फिरवलं की ती क्षणभर थांबायची, विचार केल्यासारखी, आणि मग हळूच नाक आत घ्यायची. बाकीच्यांच्या गाड्या वळणात आत घुसायच्या, माझी बाहेरून फिरून यायची. माझी समजूत अशी होती की तुमचा हात थरथरायचा म्हणून तुम्ही गाडी मंद करून ठेवली होती, म्हणजे हाताची थरथर चाकांपर्यंत पोहोचू नये. मला ते फार आवडायचं. तुम्हीही असंच करायचात, काही विचारलं की आधी क्षणभर थांबायचात. वळणावर गाडी थांबली की मी मनात म्हणायचे, बोला. मग ती वळायची. ट्रॉलीवर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय ठाऊक.

आणि काही वर्षांनी दुसरं सुरू झालं. दुपारची वेळ, काट्यावर कुणी नाही, मी गाडी काचेवर ठेवून रिमोट चालू केला आणि पाणी प्यायला उठले. परत वळून बघते तर गाडीची पुढची दोन्ही चाकं थरथरत होती. रिमोटला कुणी हात लावलेला नाही, गाडी जागेवर उभी, आणि चाकं बारीक, एकसारखी हलताहेत, इकडे तिकडे, इकडे तिकडे. तो वेग मला पाठ होता. ती बशीची थरथर होती. मी खुर्चीवर बसले आणि चाकांकडे बघत राहिले, कितीतरी वेळ, आणि मग मी हळूच माझा तळवा त्या चाकांवर ठेवला, जसा तुमच्या हातावर ठेवायचे. थांबली. हात काढला की पुन्हा सुरू.

मला समजत नव्हतं असं नाही, बाबा. मी रोज यंत्राशी झगडते. रिकाम्या काट्यावर कधी कधी आकडा दिसतो, वर काही नसताना. लोक घाबरतात, म्हणतात बाई, काट्यावर काही उभं आहे. मी बटण दाबून शून्य करते आणि पुढच्या ट्रकला हाक मारते. काट्याखालचे वजन मोजणारे सेल ओले झाले की असं होतं. तसंच चाकं वळवणारी मोटर जुनी झाली की तिला आपली मधली जागा सापडत नाही, ती शोधत राहते, म्हणून चाकं हलतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी ती बदलली नाही. उलट असं झालं की रविवार नसला तरी मी संध्याकाळी गाडी काचेवर ठेवून चालू करायचे. दिवसभरात काय झालं ते बोलायचे नाही, तेवढी मी वाया गेलेली नाही. फक्त बसायचे. आई दारात येऊन विचारायची, "काय करून राह्यली वं?" मी म्हणायचे सेटिंग. ती चाकांकडे बघायची आणि आत जायची. तिलाही तो वेग पाठ असणार.

जिनिंगवरच्या नव्या मुलांनी मला किती वेळा सांगितलं की ताई, नवीन गाडी घ्या, या गाडीचे पार्ट आता जगात मिळत नाहीत. खरं आहे. नव्या गाड्यांत मोटर मधोमध, पट्टा एकच, बॅटरी पातळ, खालचा पत्रा असा की वळताना थोडा वाकून जमीन धरतो. मी सगळं वाचते, मोबाइलवर बघते, त्यांना निवडायला मदतही करते. कुणाला कुठली घ्यायची ते मी चांगलं सांगते, माझं ऐकतात. ज्याला फार घाई त्याला सांभाळून घेणारी, ज्याचा हात बसलाय त्याला तिखट. स्वतःसाठी विचारलं की माझं एकच उत्तर, मला हीच बरी आहे. पण मागच्या महिन्यात सुरुवातीच्या रेघेवर गाडीची चाकं थरथरत होती, झेंडी पडली आणि ती सरळ नळी ओलांडून एका माणसाच्या नडगीवर बसली. त्याला लंगडत घरी जावं लागलं. चाचांनी सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. गेल्या मंगळवारी ते मोटारसायकलवर कॅबिनमध्ये आले. आता त्यांना मोटारसायकल स्टँडवर लावताना दम लागतो. खिशातून नवीन मोटरचा छोटा डबा काढून काचेवर ठेवला आणि म्हणाले, "एक तं ही बसव, नाहीतं गाडी घरी ठेव. थरथर्ती गाडी मी खाली ठेवू देणार नाही. लेकरं येतात आता पाहाले."

म्हणून मी उघडली. जुनी मोटर काढली तेव्हा, लिहिलं ना, बसूनच राहिले. चाचांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि पुढचा भाग सोडवायला घेतला. तिथे चाकं वळवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर काळ्या नळीचे बारीक तुकडे बसवलेले होते. मी ते कायम बघत आले होते. मला वाटायचं धूळ जाऊ नये म्हणून असतील. चाचांनी एक तुकडा नखाने काढला, उजेडात धरला आणि हसले. "हे अजून हायेत? मीच कापून देल्ते. ठिबकच्या बारक्या नळीचे."

मी विचारलं, कशासाठी. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "चाक पूर्ण वळू नये म्हनून. अडते ना ते इथं. मऊ करून देल्ती ना तुले गाडी."

मी म्हणाले, "मला नाही. बाबांचा हात हलायचा म्हणून त्यांनी स्वतःसाठी केली होती."

चाचांनी पाना खाली ठेवला. "हे त्यायचं सेटिंग नाही बेटा. त्यायची गाडी तं नुसती चाकू होती. बोट लावलं का वळे. मी एकदा हाती घेतली तं फिरून उलटी उभी राह्यली. हे पाय, पुढं कडक स्प्रिंग, मागं नरम, आत घट्ट तेल. हे शिकणाऱ्याचं सेटिंग हाये. शेठनं मह्यासमोर बसून केलं, एका दिवसात."

"पण हात?"

"हात चहा पेताना हाले. नुसता मांडीवर ठेवला का हाले. रिमोट धरला का बंद. एकदम बंद, खिळा ठोकल्यावानी. मी बाजूले उभा राहो ना. तू कधी पाह्यलं नाही?"

नाही पाहिलं. बाबा, तुमचा हात त्या एका जागी थांबायचा, आणि मी ते एकदाही पाहिलं नाही. शर्यतीत चालवणाऱ्याकडे कोण बघतं. आधी मी ट्रॉलीखाली उभी राहून गाडीकडे बघायचे, सगळे बघतात तशी, आणि नंतर तुम्हीच बजावलंत. परवा एका डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी सांगितलं, हो, त्या आजारात असं होतं, हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लावला की थांबतो. म्हणजे तुमच्या हातात राहिलं होतं. तुमच्या हातात ती चाकूसारखी गाडी होती, आठवड्यातले ते दोन तास तुमचा हात तुमचा होता, आणि ते तुम्ही उचलून माझ्यापुढे ठेवलंत आणि वर खोटं बोललात. आणि मी तर तेव्हा तुम्हाला धड हो पण म्हणाले नव्हते.

चाचा पुढचं फार सहज बोलले. त्यांच्या दृष्टीने ती जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. "मले म्हनले, पोरगी घरी आली, बोलत नाही. गाडी देतो तिले. पण हे असं देली तं पह्यल्याच वळनात ठोकन, चार मानसं हासतीन, मंग पुन्हा हात लावनार नाही. दोन-चार महिने मऊ राहू दे. जरा उभी राह्यली का कडक करून देऊ."

मी विचारलं, "मग?"

"मग काय बेटा," चाचा म्हणाले. "मग सोयाबीन आलं."

मी उठून मागच्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले, त्याच जागी. चाचांनी बाहेर जाऊन त्या उडदाच्या ट्रॅक्टरचं वजन केलं, पावती दिली, त्याला वाटेला लावलं. मला किती गोष्टींचं रडू येत होतं ते सांगता येणार नाही. तुमचं येत होतं. पण त्याहून जास्त मला भीती वाटत होती, कारण वळणावर जी थांबायची, जिला मी बोला म्हणायचे, ते तुम्ही नव्हतात. ती मी होते. मागच्या खोलीतली ती मुलगी, जिच्याभोवती सगळे हळू बोलायचे, जिला झटका बसू नये म्हणून तुम्ही नळीचे तुकडे कापून घेतले होते. ती इतकी वर्षं माझ्याच मानगुटीवर बसली होती आणि मी तिची पूजा करत होते. मी आज ट्रकवाल्यांशी भांडते, रात्रपाळीचा माणूस पळाला तर स्वतः काटा सांभाळते, रस्त्यावर माझ्या नावाने दोन हिशोब ठेवणारे व्यापारी टरकतात, आणि रविवारी मात्र मी ती मुलगी होऊन बाहेरून बाहेरून वळत होते. आणि तिला हात लावायचा म्हणजे तुम्ही शेवटचं जे माझ्यासाठी केलंत ते पुसायचं. तुमच्या हाताचं दुसरं काही माझ्याकडे नाही. सह्या आहेत, त्या इतक्या हललेल्या की वाचता येत नाहीत.

चाचा आत आले तेव्हा मी तोंड धुतलं होतं. ते म्हणाले, "एक तुकडा राहू देऊ का? एका बाजूचा?" एका बाजूचा ठेवला तर गाडी डावीकडे वळेल आणि उजवीकडे वळणार नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त समजतं. पण माणूस बोलतो असं. मी म्हणाले, सगळं काढा. मग आम्ही बसलो. नळ्या काढल्या. आतलं घट्ट तेल निपटून पातळ भरलं. पुढच्या स्प्रिंगा नरम, मागच्या त्याहून थोड्या कडक. पुढच्या चाकांना तिरप थोडी वाढवली. शॉकअप त्या चमच्यांच्या भांड्यात उभे केले. चारही काट्यांवर गाडी ठेवली, डावं-उजवं सारखं आणलं. नवीन मोटर बसवली आणि मी रिमोट चालू केला. चाकं हलली नाहीत. मी कान काचेजवळ नेला. काहीच नाही. इतकी गप्प गाडी मी कधी पाहिली नव्हती. आई दारात आली, चाकांकडे बघितलं, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "झालं वाटते."

काल रविवार होता. पाऊस उघडला होता, ओटा सकाळीच वाळला. पहिल्या वळणाला मी सवयीने आधीच चाक फिरवलं, ती थांबली नाही, सरळ आत घुसली, नळीवर आपटली आणि उलटी पडली. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, ताई, आज काय खाऊन आली. एका मुलाने धावत जाऊन गाडी सरळ केली. दुसऱ्या फेरीत फिरली, तिसऱ्या फेरीत मागच्या गाडीने धडक दिली. आणि मग कुठेतरी माझ्या हाताला कळलं. उशिरा फिरवायचं, कमी फिरवायचं, आणि फिरवलं की परत मागे यायचं, लगेच. ती वळते, बाबा. बोट लावलं की वळते. दोन गाड्यांच्या मधून आतून काढली मी, चाचा खालून काहीतरी ओरडले, ते मला ऐकू आलं नाही. जिंकले वगैरे नाही. पण उतरले तेव्हा मी हसत होते, आणि त्या पोरांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

घरी आल्यावर आईने वाढता वाढता विचारलं, "बाबाची लय आठवन आली असन ना आज?" मी हो म्हणाले. तिला तेच ऐकायचं होतं, आणि पित्तरांच्या दिवसांत नाही म्हणवत नाही. तिने सांगितलं की काही लिहिलंस तर त्यांच्या पानाशेजारी ठेव, कावळा शिवला की पोहोचतं. हे मी ठेवणार नाही. ती वाचेल, आणि मी हो म्हणाले ते खरं नव्हतं. ट्रॉलीवर चढल्यापासून उतरेपर्यंत तुम्ही मला एकदाही आठवला नाहीत. आणि मला फार बरं वाटलं.